अवयव नसलेला डॉक्टर

माझ्या मायचे एका वेळी चार डॉक्टर होते आणि त्या चौघांना एकमेकांचा पत्ता लागू न देणं हे माझं काम होतं. मी ते मन लावून केलं. सहावीत शाळा सुटल्यापासून इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही. त्याच कामापायी मायचा उजवा डोळा गेला.

हे मी हैदराबादच्या पलीकडं, एका कारखान्याच्या कँटीनमागच्या खोलीत बसून लिहिते आहे. इथं मी चपात्या लाटते, नवरा माल चढवतो-उतरवतो. माझी बोली समजणारं आसपास कुणी नाही, त्यामुळं राग आला तरी मनातल्या मनात करावा लागतो. तीन वर्षांचा साचलाय. थोडा दादावर, थोडा डॉक्टर लोकांवर, उरलेला माझ्या स्वतःवर.

आमचं गाव जिंतूरहून येलदरीकडं जाताना लागतं. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. बाप नाही. माय दादाकडं राहते. खरं तर दादा मायकडं राहतो, पण तो तसं म्हणू देत नाही. त्या वर्षी मायचं दुखणं वाढलं म्हणून मी दोन महिन्यांची सुटी टाकून आले. आल्या दिवशी दादा म्हणाला, "बरं झालं आलीस. तुला वाचता येतंय. आता तूच फिरीव तिला."

त्यात कौतुक नव्हतं. दादा चौथीतून सुटला, मी सहावीतून. वरच्या त्या दोन यत्ता त्यानं मला कधी माफ केल्या नाहीत.

पहिलं दुखणं खांद्याचं. सकाळी उठलं की मायचे दोन्ही खांदे आणि मांड्या लाकडासारख्या. केसांचा बुचडा बांधायला हात वर जायचे नाहीत. हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढले, वय झालं म्हणाला आणि आठ दिवसांच्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या आठ दिवसांत माय अशी चालली, की एका सकाळी मेंढरांमागं माळापर्यंत जाऊन आली. गोळ्या संपल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा लाकूड. ती गोळी रोजची चांगली नाही, असं म्हणून डॉक्टरनं शेकायला सांगितलं. त्याचे कागद बियाण्याच्या दुकानातल्या हिरव्या पिशवीत.

मग जबडा. भाकरीचे दोन घास चावले की माय थांबायची. "दुखत न्हाई गं, थकतंय," म्हणायची. थोडं बसायची, पुन्हा दोन घास. जबडा आहे म्हणजे डॉक्टर दाताचा, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. त्यानं जिंतूरला एक दाढ काढली, पंधरा दिवसांनी दुसरी. दोन्ही चांगल्या होत्या, हे नंतर कळलं. त्याची पिशवी पिवळी.

मग डोकं. कानशिलं ठणकायची, फणी नुसती टेकली तरी माय ओरडायची. ह्याला नसांचा डॉक्टर. तो मोठ्या शहरातून परभणीला महिन्यातून दोनदाच यायचा आणि त्या दिवशी त्याच्या दारात बाजार भरल्यासारखी माणसं. सकाळी नंबर लावला तर दुपारी चारला आत, आणि आत गेल्यावर "कुठं दुखतं?" एवढं विचारून होईपर्यंत त्याचा हात पुढच्या चिठ्ठीकडं. अर्धशिशी, म्हणाला. त्याच्या गोळ्यांनी माय बसल्या जागी पेंगायची. साडीच्या दुकानाची, नवरीचं चित्र असलेली पिशवी त्याची.

शेवटी भूक गेली, अंग झडलं. पोटाच्या डॉक्टरनं तोंडातून नळी घालून आत बघितलं, काही सापडलं नाही. पण चौघांत एकट्या त्यानं सगळं रक्त तपासायला लावलं, तो कागद बराच वेळ हातात धरून बसला आणि एक वेगळी चिठ्ठी लिहिली. "फिजिशियनला दाखवा. वेळ लावू नका," म्हणाला. मी मान हलवली. काय दाखवायचं, कुणाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. डॉक्टरपुढं मला नेहमी शाळेत फळ्यापुढं उभं केल्यासारखं होतं.

घरी दादानं चिठ्ठी उलटीसुलटी केली. "ह्यो कशाचा डॉक्टर?"

"लिहिलं न्हाई."

"न्हाई कसं? दात, हाड, किडनी, कातडी, काहीतरी आसंल की."

मी परत एकेक अक्षर लावलं. "काहीच न्हाई. फिजिशियन. बस."

"आवयवच न्हाई तर डॉक्टर कशाचा? चार झाले, आता पाचवा बिनआवयवाचा! नुसते एकमेकाकडं गिऱ्हाईक धाडायलेत."

माय हसली. मीही हसले. चिठ्ठी चौथ्या, पांढऱ्या पिशवीत गेली आणि तीन आठवडे तिथंच राहिली.

आता पिशव्या वेगळ्या का, ते सांगते. आधी एकदा दादाची कंबर धरली होती. तेव्हा त्यानं नव्या डॉक्टरपुढं जुन्या डॉक्टरचे कागद ठेवले. नवा डॉक्टर ते बोटानं बाजूला सारून म्हणाला, "त्यांच्यावर एवढा विश्वास आहे तर तिकडंच जा ना." पंधरा माणसांदेखत. दादा तसाच कंबर धरून परत आला आणि घरात नियम झाला, की दुसऱ्याचा कागद दाखवायचा नाही. पुढं मी परभणीच्या दवाखान्यांतून बाकड्यांवर बसू लागले तेव्हा कळलं, की हा नियम आमच्या एकट्याचा नाही. शेजारची अनोळखी बाई कोपर मारून सांगायची, "बाई, जुन्या चिठ्ठ्या आत घाला. चिडतेत." आत जाताना अख्खी रांग पिशव्या चाचपायची.

मायनं त्यात स्वतःची भर घातली. ज्याचं त्याला सांगायचं. दाताच्या डॉक्टरला खांदा सांगायचा नाही, नसांच्या डॉक्टरला भूक सांगायची नाही. त्याचा अपमान होतो, शिवाय तो म्हणणार, ह्या बाईला सगळीकडंच दुखतंय, म्हणजे कुठंच दुखत नाही. कुणाला काय सांगायचं नाही हे ध्यानात ठेवणं तिला अवघडही जायचं. एकदा परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "मेंढराचं बरं हाय बघ. त्येला एकच डॉक्टर. थोबाडापासनं शेपटापतुर बघतो."

एका सकाळी ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "उजव्या अंगाला पडदा कुणी लावला गं?" तिथं पडदा नव्हता, उघडं दार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या डोळ्यापुढं माझा हात हलवला तरी तिला कळेना.

दादा मेंढरांच्या वाड्यात होता. तिथूनच म्हणाला, "मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात शिबिर हाय, तवा नेऊ."

"मोतीबिंदू एका दिसात येतो का दादा?"

"तू डॉक्टर झालीस का? सहावी पास डॉक्टर."

"शिकले न्हाई म्हणून तर भ्या वाटायलंय."

"तुला सदाच भ्या वाटतंय. ल्हानपणी कोंबडीला भ्यायचीस. मेंढरं व्यायला लागलीत, मी यायचो न्हाई. जायचं आसंल तर जा, आन् येताना पाचवी पिशवी घेऊन ये!"

मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं जे परत फेकलं तेही नाही. माय भिंतीला धरून उभी होती आणि एकाच डोळ्यानं आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती.

सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला निघालो. चारही पिशव्या मी मोठ्या थैलीत घातल्या आणि वरून चादर दाबली. घरी ठेवायला जीव धजेना, दाखवायची तर हिंमत नव्हती. माझ्या भित्रेपणाची ती बरोबर मधली जागा होती.

डोळ्याच्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज असा की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं सरळ बसायची. त्यांनी थेंब टाकले, बसवलं, मग अंधाऱ्या खोलीत मायची हनुवटी यंत्रावर टेकवून आत बघितलं. उजवा बघितला. डावा बघितला. पुन्हा उजवा. यंत्र बाजूला करून दिवा लावला.

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

"कुणालाच न्हाई," मी म्हणाले. तोंडात बसलेलं उत्तर होतं ते.

"डोकं दुखतं का यांचं?"

माय माझ्याकडं बघायला लागली. डोक्याचा डॉक्टर वेगळा. ह्यांना सांगायचं का, असं विचारत होती. मी मान हलवली. नाही.

"न्हाई जी," माय म्हणाली.

"जेवताना जबडा दुखतो? चावताना थकतो?"

आता मायला राहवलं नाही. तिनं बाईंची समजूत घातल्यासारखं सांगितलं, "त्ये दाताच्या डॉक्टरचं हाय बाई. तुमी डोळ्याचं बघा."

बाईंनी खुर्ची मागं सारली. उठल्या आणि मायच्या कानशिलावर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं. माय किंचाळून मागं सरली.

"तुमची मुलगी खोटं बोलते," त्या मायला म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. मग माझ्याकडं वळल्या. "ऐक. हा डोळा गेला. तो परत यायचा नाही, माझ्याकडंही नाही आणि कुठंच नाही. दुसरा आज आहे, उद्या असेल की नाही सांगता येत नाही. कागद कुठं आहेत?"

"बाई, कागद..."

"खेड्यातून आलेल्या आजारी बाईजवळ एकही कागद नाही, हे मला सांगू नकोस. ओत इथं."

मी चादर काढली आणि चारही पिशव्या त्यांच्या टेबलावर ओतल्या. कागदांबरोबर मायचे दोन दातसुद्धा निघाले. दाताच्या डॉक्टरनं पुडीत बांधून दिलेले ते पिवळ्या पिशवीतच राहिले होते. बाईंनी ते बाजूला ठेवले. एकेक चिठ्ठी वाचत गेल्या तसा त्यांचा चेहरा आवळत गेला. खांदे. जबडा. कानशिलं. वजन. बारीक पांढऱ्या गोळीचं नाव वाचून म्हणाल्या, "ह्या गोळीनं बरं वाटलं होतं ना?" मी हो म्हणाले. शेवटी रक्ताचा कागद आला आणि त्याला टाचलेली ती चिठ्ठी.

"हे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे."

"व्हय."

"फिजिशियनकडं का गेला नाहीत?"

"आमाला वाटलं... त्येचा अवयव कोणता त्ये कळंना."

एवढ्या वर्षांत मला पुष्कळ लोक बोलले आहेत. ठेकेदार, मुकादम, सासू. त्या बाई जे बोलल्या तसं कुणी बोललं नाही. अडाणी म्हणाल्या, बेजबाबदार म्हणाल्या. हे चार कागद एका पिशवीत असते तर ही म्हातारी आज दोन डोळ्यांनी घरी गेली असती, म्हणाल्या. मग मी ऐकते आहे की नाही हेही न बघता त्यांनी फोन फिरवला आणि त्या चार डॉक्टरांबद्दल जे बोलल्या, त्यानं माझ्या अपराधाला भागीदार मिळाल्यासारखं झालं. "एकानंही एकदा विचारलं नाही, आणखी कुठं दुखतं म्हणून! एकानंही नाही!" फोन ठेवून त्यांनी मायचा दंड धरला, बाहेरच्या रांगेला "बसा" म्हणून सांगितलं आणि स्वतः रस्ता ओलांडून आम्हाला समोरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मी मागून थैली आणि दोन दात घेऊन.

बिनअवयवाचा डॉक्टर तो हाच. बारीक, पिकलेल्या मिशांचा माणूस. त्यानं आधी सुई लावायला सांगितली आणि बाटली चढत असताना विचारायला बसला. पायापासून डोक्यापर्यंत. झोप, शौच, ताप, लहानपणचे आजार, मेंढरांजवळ झोपता का. माय पहिल्यांदा घाबरली, माझ्या कानात म्हणाली, "लय इचारायलाय गं ह्यो. ह्येला येतंय का न्हाई काही?" मग हळूहळू बोलायला लागली. चारही डॉक्टरांचं सगळं, एकाच माणसाला. सांगून झालं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. "मेंढराच्या डॉक्टरावानी बघितलं," म्हणाली.

त्यानं मला सांगितलं ते असं, की दात, खांदा, डोकं, भूक, डोळा ही पाच वेगळी दुखणी नाहीतच, एकच आहे. रक्ताच्या नळ्यांना आतून सूज आलीय. जबड्याला रक्त पुरत नाही म्हणून तो थकतो, डोळ्याच्या नसेला पुरलं नाही म्हणून डोळा गेला. स्टिरॉइडचे, म्हणजे त्या बारीक पांढऱ्या गोळीतल्याच औषधाचे, मोठे डोस तीन दिवस शिरेतून, मग दोन-तीन वर्षं गोळ्या, हळूहळू कमी करत. कानशिलातल्या नळीचा बारीक तुकडा काढून तपासायला जाईल, तो बघणारा डॉक्टर आणखी वेगळा. तो माणसं बघतच नाही, काचेवरचे तुकडे बघतो. पण त्याच्या उत्तराची वाट बघायला डाव्या डोळ्याला वेळ नाही.

मी फोनवर कळवलं, तसा दुपारी दादा आला. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर, अंगाला वाड्याचा वास, आणि आल्या आल्या भांडायच्या तयारीनं.

"स्टिरॉइड? माणसं फुगून मरतेत त्येनं! बंद कर ती बाटली. नांदेडला नेऊ तिला, तिथं डोळ्याचा मोठा डॉक्टर हाय."

"डोळ्याचं न्हाई त्ये दादा. नळ्यांचं हाय."

"कोण म्हणलं?"

"ह्या डॉक्टरनं."

"त्यो बिनआवयवाचा?" दादा हसला. त्या हसण्याची चीड मला अजून येते. तीन आठवड्यांपूर्वी मीही तसंच हसले होते. "आन् ह्या कागदावर सही कोण करणार? तू? काई झालं तर तुझ्या माथी. गावात मी सांगणार, पोरीनं मारली म्हणून. सासरी दिलेली पोर, हिचा हक्क काय?"

नर्स पुढच्या बाटल्यांचा आणि कानशिलातल्या तुकड्याचा संमतीचा कागद घेऊन दोघांच्या मधे उभी होती. मी भित्री आहे, ते खोटं नाही. कोंबडीला खरंच भ्यायचे. पण मला मायचा डावा डोळा दिसत होता. तो दादाकडं नव्हता, माझ्याकडंही नव्हता. ती छताकडं बघत होती, पंखा अजून दिसतोय का ते तपासत होती. मी पेन घेतलं आणि शाळेत लिहायचे तसं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, सासरचं नाही. दादा थुंकला आणि निघून गेला. तीन दिवस फिरकला नाही.

ते तीन दिवस मी दर तासाला मायपुढं बोटं धरली. तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "दोन. आन् करंगळीचं नख तुटलंय. आता त्या हातानं च्या आण."

नख खरंच तुटलं होतं. मी जिन्यात जाऊन रडले.

डावा डोळा राहिला. उजवा गेला तो गेलाच. जाताना डोळ्याच्या बाईंनी चारही पिशव्यांतले कागद तारखेप्रमाणं लावले, छिद्रं पाडून एका फाइलमध्ये ओवले आणि ती फाइल माझ्या छातीवर आपटल्यासारखी दिली. "आता हिच्यातला एक कागद जरी लपवलास तर माझ्याकडं येऊ नकोस." मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "नाटकं नकोत." नंतर मायनं दादाच्या हाती त्यांच्यासाठी काळं घोंगडं पाठवलं. उन्हाळ्यात एसी लावून बसणाऱ्या बाईला घोंगडं! मी तिथं नसताना त्या माझ्या नावानं पुन्हा ओरडल्या म्हणे, दादादेखत. पण खुर्चीवर घालून बसतात, असं माय सांगते. त्या बाईंइतका माझा अपमान कुणी केला नाही आणि त्यांच्याइतकं माझं भलं कुणी केलं नाही. त्यांची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात आणि कानही गरम होतात.

दादा अजून म्हणतो, मोतीबिंदूच होता. माझा फोन उचलत नाही. रविवारी मायच फोन घेते, गोळ्या सांगते, सकाळची कोणती संपली, किती कमी केली. चेहरा सुजला होता तो आता उतरलाय. फाइल ती कुठंही नेते. मध्ये मेंढरांना टोचायला जनावरांचा डॉक्टर आला, तर त्यालाही दाखवली. "सगळी वाचली बघ त्यानं," म्हणाली, "उभ्यानं."

गेल्या रविवारी मी धीर करून विचारलं. तीन वर्षं विचारायचं होतं. "माय, तवा मी कागद लपवले नसते तर..."

"आता काय त्येचं."

"तुला राग हाय का माझा?"

मागं मेंढरं ओरडत होती. मग ती म्हणाली, "आला होता. तू मान हालवलीस तवा. त्या बाईनं डोकं दुखतंय का इचारलं आन् तू न्हाई म्हणून मान हालवलीस. मी बघत होते. ह्याच डोळ्यानं."

मी फोन तोंडापासून लांब धरला.

"रडू नको. तुझ्यासारखंच म्या बी न्हाई म्हणलं ना," ती म्हणाली. "ठेव आता. गोळीची येळ झाली."